नूरभाऊचं बोट

“बोट लावून पाय ना नूरभाऊ, काऊन थांबला?” मनसारामनं तेलाचा नवा डबा फोडून पुढे केला. “वजनकाट्यावर माह्या गाडीचा नंबर लागून राह्यला. उशीर झाला तं मुन्शी डोक्सं खाईन माह्यं.”

नूर मोहम्मदनं उजव्या हाताचं पहिलं बोट डब्यात बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. माजरीच्या कोळसा-रस्त्याला हे काही नवं नव्हतं. टिप्पर नूरभाऊच्या तेल बदलायच्या दुकानासमोर थांबायचा, ड्रायव्हर बाजारातून आणलेला डबा फोडायचा, नूरभाऊ बोट बुडवून मान हलवायचा आणि मगच तेल इंजिनात जायचं. बाजारात जळकं तेल तेजाबानं धुऊन, चकचकीत करून, नव्या डब्यात भरून विकणारे हरामखोर काय कमी होते? रंग, वास, झाकणाचं सील, सगळ्याची नक्कल करायचे लेकाचे. पण अस्सल तेल दोन बोटांमध्ये चिवट लागतं, आणि धुतलेलं तेल पाण्यासारखं पळतं, मागे बारीक खरखर ठेवून. ती खरखर नूर मोहम्मदच्या बोटाला हमखास कळायची.

आज त्याला काहीच कळलं नाही. म्हणजे आजच असं नव्हतं. हिवाळ्यापासून ते बोट आणि अंगठा त्याचे राहिलेच नव्हते. हळूहळू मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. कधी वासावर, कधी थेंब किती सावकाश ओघळतो ते बघून तो वेळ मारून नेत होता. कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. घरात बायकोलासुद्धा नाही.

“टाक,” तो म्हणाला. “चांगलं हाय.”

मनसारामनं तेल टाकलं, उरलेला डबा केबिनमध्ये ठेवला आणि धूळ उडवत निघून गेला. नूर मोहम्मद बोट फडक्याला पुसत तिथंच उभा राहिला.

आता तुम्ही म्हणाल, तेलासारखं तेल, त्यात एवढं काय? अहो, खाणीतल्या गाडीची तऱ्हाच वेगळी. पासिंगच्या, म्हणजे परवान्याच्या, दीडपट कोळसा भरायचा, पहिल्या गिअरमध्ये रडतखडत खड्ड्यातून वर यायचं, तासन् तास काट्याच्या रांगेत इंजिन चालूच ठेवायचं. एक ड्रायव्हर उतरला की दुसरा चढतो, इंजिनला थंड व्हायला फुरसत मिळत नाही. त्यात हवेत कोळशाची भुकटी आणि वर चंद्रपूरचा मे महिना. अशा गाडीला पातळ तेल घातलं तर ते भर उन्हात पाणी होतं. फार जाड घातलं तर वरच्या भागात पोचेपर्यंत इंजिन कोरडं घासतं. नूर मोहम्मद गाडीचा आवाज ऐकून, धूर बघून तेल सांगायचा, आणि कंपनीनं सांगितलेल्या निम्म्या मुदतीतच ते बदलायला लावायचा. “ते किताब रस्त्यावरच्या गाडीसाठी लिवली हाय,” म्हणायचा, “नरकातल्या गाडीसाठी नाई.” ड्रायव्हर हसायचे, पण ऐकायचे.

आणि मनसाराम तर त्याचा मुलगाच असल्यासारखा. तलावावर मासे धरणाऱ्या घरातला पोरगा. भावांनी मिळून धानाचं वावर विकलं आणि जुना टिप्पर घेतला. गेल्या साली इंजिन जाम होऊन उतरवावं लागलं तेव्हा गोकुळानं, मनसारामच्या बायकोनं, गळ्यातली पोत मोडली. आता पुन्हा इंजिन बसलं तर त्या घरात विकायला फक्त भांडी उरली होती.

दुकानाच्या मागेच घर. त्याच्या बायकोनं, साबिरानं, चुलीवर चहा ठेवला होता. तो उतू जायला लागला म्हणून नूर मोहम्मदनं पटकन पातेलं उचलून खाली ठेवलं. साबिरा वळली. तिला आधी जळक्या कातडीचा वास आला.

“या अल्लाह! हात देखो अपना!”

त्यानं पाहिलं. बोटांवर पांढरा फोड तरारून आला होता. त्याला हात झटकायचंही सुचलं नव्हतं. साबिरानं पातेल्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याची बाही कोपरापर्यंत वर सारली. किती महिने याच्या कोपरावरचा फिका डाग बघून ती उन्हामुळं असेल म्हणत होती!

“कब से?” तिनं विचारलं.

त्यानं हात पाठीमागे नेला. तिनं बुरखा घेतला, दुकानाचं शटर स्वतः ओढलं आणि त्याला ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. एरवी दुकान बंद करायचं म्हटलं की हा माणूस भांडायचा. त्या दिवशी गुमान गेला.

डॉक्टरबाई नव्या होत्या, वयानं लहान. त्यांनी फोडाला मलम लावलं, डाग पाहिला, कोपराजवळची शीर चाचपली. मग म्हणाल्या, “डोळे मिटा. मी हाताला पेनानं टोचते. जिथं कळेल तिथं ‘हो’ म्हणा.”

नूर मोहम्मदनं डोळे मिटले. पंखा कुरकुरत होता. बाहेर कोणाचं तरी लेकरू रडत होतं. तो वाट बघत राहिला.

“सुरू करा ना, डॉक्टरबाई.”

 त्यानं डोळे उघडले. डॉक्टरबाई पेनाला टोपण लावत होत्या. साबिरा तोंडाला बुरख्याचं टोक लावून भिंतीकडे वळली होती.

“झालं, नूरभाऊ,” डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. “घाबरू नका. कुष्ठरोग आहे, पण बरा होतो. गोळ्या फुकट मिळतात. वर्षभर नेमानं घ्या, तुमच्यापासून कोणाला काही होणार नाही.”

“अन् बोट?”

“रोग जाईल. जाणीव परत येईल की नाही, ते मी खोटं सांगणार नाही. लवकर यायला हवं होतं.”

महारोग. हा शब्द त्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण खरं सांगतो, त्या घटकेला नूर मोहम्मदला रोगाचं काही वाटलंच नाही. त्याला आठवली ती वेगळीच गोष्ट. सकाळी आपण ‘चांगलं हाय’ म्हणालो!

“तू घर जा,” त्यानं साबिराला सांगितलं. “मैं मनसाराम को रोकता.”

“किसी को कुछ मत बोलो जी,” ती कळवळून म्हणाली. “तेल बदलो बोलना, बस. बीमारी का नाम भी मत लेना. दुकान बैठ जाएगी.”

ती चुकीचं बोलत नव्हती. मोबाइल तेव्हा फक्त ठेकेदारांच्या कमरेला असायचे, त्यामुळं जाऊनच सांगणं भाग होतं. तो काट्यावर पोचला तेव्हा मनसारामची गाडी भरून रांगेत उभी होती, इंजिन चालूच.

“बंद कर! तेल काढ ते!”

“काऊन? सकाळीच तं टाकलं!” मनसाराम खिडकीतून वाकला. “तूच म्हणला ना चांगलं हाय म्हणून?”

“म्हणलो. आता म्हणतो, काढ.”

“कायले पण? गाडी मस्त चालून राह्यली. नंबर जाईन माहा, भाऊ. असं काय झालं, सांग तं खरी!”

मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. लटारू, त्या रस्त्यावरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, खाली उतरून आला. त्याच्यामागे आणखी चारदोन जण आले. नूर मोहम्मदनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. साबिराचं बोलणं कानात होतं. खोटं कारण जिभेवर आलंही होतं.

“माह्यं बोट मेलं हाय,” तो म्हणाला. “मले काई समजत नाई आता. सकाळी मी असंच म्हणलो.”

मनसारामनं चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. नूर मोहम्मद पाना घेऊन गाडीखाली गेला आणि त्यानं चेंबरचा बोल्ट सोडला. उकळतं तेल भस्सकन हातावर आलं, मनगटापर्यंत. तो तसाच बोल्ट फिरवत राहिला.

“अरे भाजला, भाजला! हात काढ, नूरभाऊ!” चौघं एकदम ओरडले.

तो बाहेर आला तेव्हा सगळे त्या हाताकडे बघत होते. कोणाला काही विचारायची गरज उरली नव्हती. तेल काळ्या भुकटीत जिरत होतं.

लटारूनं केबिनमधला उरलेला डबा आणला. बोट बुडवलं, चोळलं, दुसऱ्याला दिलं. त्यानं तिसऱ्याला. मग लटारू चोरट्यासारखा हळूच बोलला, “तेल तं अस्सल हाय रे.”

म्हणजे गप्प बसला असता तरी चाललं असतं. गाडी पळाली असती, दुकान चाललं असतं. नूर मोहम्मद डब्याकडे बघत राहिला. त्याला हसायला आलं की रडायला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

माणसं पांगू लागली. एकानं जाता जाता आपली पाण्याची कॅन उचलून दुसरीकडे नेली. मागच्या टिप्परवाल्यानं सवयीनं नवा डबा फोडला, दोन पावलं इकडे आला, थबकला, आणि मग त्यानं हाक मारली, “लटारूभाऊ, जरा पाय बरं.” लटारू खाली मान घालून तिकडे गेला.

मनसाराम मात्र आपली कॅन घेऊन आला. आज गाडी उभीच राहणार होती, उद्याचाही भरवसा नव्हता. तरी त्यानं नूर मोहम्मदला टायरपाशी सावलीत बसवलं, भाजलेला हात आपल्या हातात घट्ट धरला आणि वरून पाणी सोडलं. काळं तेल धुऊन गेलं तशी खालची लाल कातडी दिसायला लागली. मनसारामचं तोंड कसनुसं झालं.

“दुखून राह्यलं का, भाऊ?”

नूर मोहम्मदनं त्या दोन हातांकडे पाहिलं; त्याला ना आग कळत होती, ना पकड.

“हो रे,” तो म्हणाला. “लई दुखते. हळू धर.”

मनसारामनं पकड सैल केली.