आधी गेल्या, मग आल्या

"बंद करून पुन्हा चालू केलात का?" कॅसाब्लांकाहून नौफलने फोनवर विचारलं. कारखान्याला सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा तो माणूस.

"दोनदा केलं," बाबा म्हणाले. "आता तिसऱ्यांदा केलं तर सर्व्हर उठून तुमच्याकडेच राहायला येईल."

पहिला रोजा होता. सकाळपासून कॉफी नाही, सिगरेट नाही. साफी बंदरातल्या त्या सार्डिन मासळी डब्यात भरायच्या कारखान्यात बाबा एकवीस वर्षं डेटाबेस सांभाळत होते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना गाडी चालवायची मनाई होती, म्हणून त्या आठवड्यात मी त्यांना सोडायला जाई आणि तिथेच कोपऱ्यात माझ्या शाळेतल्या मुलांचे पेपर तपासत बसे.

घोटाळा दरवर्षीचाच. रमजानआधीच्या रविवारी पहाटे तीन वाजता आमचा सगळा देश घड्याळ एक तास मागे घेतो. त्या पहाटे बोटी धक्क्याला लागल्या म्हणून मासळी साफ करणाऱ्या बायकांना बोलावणं गेलं होतं. सात जणींनी दोन पन्नासला दाराशी कार्ड लावलं. मासळी थोडीच निघाली, अर्ध्या तासात त्यांना घरी पाठवलं. तोवर घड्याळ मागे गेलेलं, त्यामुळे बाहेर पडल्याची वेळ लागली दोन वीस. येण्याआधीच गेलेल्या बायका डेटाबेसला मान्य नव्हत्या. त्याने सातही नोंदी फेटाळल्या आणि सातही जणी गैरहजर लागल्या. सहा जणींचं निभावलं असतं. रकियाची मात्र ही हंगामातली तिसरी गैरहजेरी होती, आणि तिसरीला कामावरून नाव कापतात. आधीच्या दोन खऱ्या होत्या. तेव्हा ती आईला घेऊन दवाखान्यात बसली होती.

नौफलचं म्हणणं, आमच्या यंत्रावर असं काही होत नाही.

"तुमच्या यंत्रावर रमजान येत नाही का, बाळा?"

नौफलने तक्रार 'दोष आढळला नाही' म्हणून मिटवली. चौथ्या वर्षी चौथ्यांदा. बाबांनी फोन इतका हळू ठेवला की मला भीती वाटली.

तेवढ्यात व्यवस्थापक लहबीब, आमच्याकडे मानाने म्हणतात तसं सी लहबीब, गैरहजरांची यादी घेऊन आले. त्यांना दुपारच्या आत सही करून मोकळं व्हायचं होतं.

"यंत्राचं काय रकियाशी वैर आहे, सी मिलूद?" त्यांनी बाबांना विचारलं.

"वैर नाही. अक्कल नाही."

नोंद हाताने दुरुस्त करता येत होती, पण त्यासाठी एक चौकट भरावी लागे: चूक कोणाची. बाबांनी ती रिकामी सोडली. लाल रेघ आली. 'घड्याळ' लिहिलं, लाल रेघ. सॉफ्टवेअरच्या कंपनीचं नाव घातलं, तरी तेच. तिथे फक्त कारखान्यातल्या माणसांची नावं चालत.

रकियाचंच घाला, कार्ड नीट लावलं नाही म्हणून, सी लहबीबनी सुचवलं. पण त्या चौकटीतल्या नावाला ताकीद मिळे, आणि रकियाचं नाव कापायला आता ताकीदही पुरली असती.

"मग काय, माझं घालता?"

"छे. तुम्हाला अजून वर चढायचंय."

बाबांनी स्वतःचं नाव घातलं. सात वेळा. दर वेळी यंत्र विचारी, खात्री आहे का, आणि दर वेळी ते पुटपुटत, "आहे रे, आहे." सी लहबीब खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मग त्यांनी यादीतून सात नावं खोडली.

त्याच वर्षी जूनमध्ये बाबांची निवृत्ती होती. आणखी एक वर्ष मिळावं म्हणून त्यांनी अर्ज केला होता. नकाराच्या पत्रात एकाच दिवसातल्या सात चुकांचा उल्लेख होता. पत्र घडी करून ते म्हणाले, तिथली खुर्ची तशीही पाठीला वाईट होती.

या फेब्रुवारीत ते गेले.

तिसऱ्या दिवशी कारखान्यातल्या तीन बायका आल्या. हात साबणाने घासून आल्या होत्या, तरी मासळीचा वास होताच. सगळ्यात थोरलीने, दुखवट्याच्या घरी नेतात तो निळ्या कागदातला साखरेचा शंकू माझ्या हातात दिला आणि आपलं नाव सांगितलं. रकिया. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या वतीने घरच्यांनी माफी मागायची असते. मी मागितली. म्हटलं, कधी दुखावलं असेल तर मनात ठेवू नका.

रकियाने माझा हात धरला.

"त्या वर्षी त्यांच्या हातून चूक झाली होती, लेकी. आम्ही सात जणी गैरहजर लागलो होतो. चूक कोणाची ते ऑफिसातच कळलं आम्हाला. पण माणूस वाईट नव्हता. आम्ही केव्हाच माफ केलं."

मी तिचे आभार मानले आणि तिच्या पेल्यात चहा ओतला.