मोठं गणित

माझी भाची समीक्षा घरी बसून दहावी करणार, हे मी ठरवलं तेव्हा माझा धाकटा भाऊ किसन फोनवर एवढंच म्हणाला, "बाई, तू ठरवलं म्हंजे झालं." तो तेव्हा हैदराबादच्या रस्त्यावर कुठेतरी ट्रक चालवत होता. कापसात काही उरेना म्हणून त्यानं स्टीअरिंग धरलं, आणि राळेगावकडचं आमचं शेत राहिलं त्याच्या बायकोच्या, इंदूच्या, अंगावर. वेचणीला मजूर लावणं जमेना. मग नववीत, शाळेची एसटी पकडायच्या वेळेला, समीक्षा कमरेला फडकं बांधून आईबरोबर शेतात जायला लागली, आणि एक दिवस तिचं शाळेतलं नाव कमी झालं. कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही. राग आला तो मला, आणि माझा राग सहजासहजी जात नाही.

सतरा नंबरचा फॉर्म भरला की शाळेत न जाता दहावीला बसता येतं. पोरीनं घरी अभ्यास करायचा, मी दर रविवारी पांढरकवड्याहून जाऊन पाहायचं, असं ठरलं. इतिहास-भूगोलाची काळजी नव्हती. घोडं अडलं गणितापाशी. फॉर्मवर दोनातलं एक लिहायचं होतं: बीजगणित आणि भूमिती, नाहीतर सामान्य गणित. सामान्य गणित सोपं, पास व्हायला बरं; पण ते घेतलं की पुढे सायन्स नाही आणि तंत्रनिकेतनातला डिप्लोमाही नाही. समीक्षा त्यांना मोठं गणित आणि लहान गणित म्हणायची. तिला मोठं हवं होतं.

का हवं होतं, तेही सांगते. आदल्या नवरात्रात आम्ही केळापूरच्या देवीला निघालो होतो. हायवेच्या रुंदीकरणाचं काम चालू होतं. तिथे एक मुलगी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघत होती आणि हातानं खुणा करत होती. चार बाप्ये तिच्या हाताकडे बघून मोजपट्टी सरकवत होते. समीक्षा रस्त्याच्या कडेला उभीच राहिली. मी दंडाला धरून ओढलं तेव्हा म्हणाली, "आत्या, हिले कोनतं गणित आलं असन?" देवीपुढे तिनं काय मागितलं, ते विचारायची गरज पडली नाही.

पुस्तक निवडायचं काम मी अंगावर घेतलं. मला गणित येत नाही. पण तालुक्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर मी जन्म काढला आहे. लोकांचे अर्ज वाचून वाचून एक गोष्ट कळते: ज्याला स्वतःला समजलंय तो साधं लिहितो, आणि ज्याला समजलेलं नसतं तो 'उपरोक्त' लिहितो. याच मापानं मी पुस्तकं लावली. इंदू भाकरी थापत असताना मी एक पान मोठ्यानं वाचायचं, समीक्षानं ऐकायचं. पोरीच्या कपाळाला आठी पडली की पुस्तक बाद. नागपूरच्या एका क्लासच्या नोट्समध्ये पहिल्याच पानावर 'हे उघड आहे' असं होतं. ज्याला सगळं उघड आहे त्यानं क्लास कशाला काढला, कोण जाणे. गाईडमध्ये नुसती उत्तरं. शेजारणीच्या मुलाचं दिल्लीच्या बोर्डाचं पुस्तक देखणं होतं, पण इंग्रजीत. उरलं आपल्या बोर्डाचं. वासरात लंगडी गाय शहाणी, म्हणून तेच घेतलं.

पोरगी अभ्यास करायची. शेतातून आल्यावर, पाय धुऊन, पुस्तक मांडीवर. आलेखाचा धडा झाला तेव्हा मी तिचे कागद पांढरकवड्याला आणले आणि आमच्या शेजारच्या यज्ञेश्वर सरांना दाखवले. सर हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. फॉर्मची मुदत जवळ आली होती. मोठं गणित झेपेल की नाही, एवढंच त्यांनी सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद परत दिले. प्रत्येक आलेखावर लाल काट.

"कुंदाताई, वाईट वाटून घेऊ नका," सर म्हणाले. "उत्तरं सगळी बरोबर आहेत."

"मग काट कशाला?"

"आलेख सगळे चूक आहेत म्हणून. एकही बिंदू जागेवर नाही. अक्षांवर आकडेसुद्धा घातलेले नाहीत. हे पाहा, दोन रेषा कापतात दोन-एकवर, आणि उत्तर लिहिलंय तीन-दोन. तीन-दोन हेच बरोबर आहे. पण या आलेखातून ते येऊच शकत नाही. मग आलं कुठून? पुस्तकाच्या मागच्या पानावरून." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "पोरीला रागावू नका. पण सामान्य गणित लिहा. तिचं वर्ष वाया जायला नको."

ते कठोरपणे बोलले असते तर मी भांडले असते. इतक्या मायेनं बोलले की मला घरी येऊन रडू आलं.

रविवारी गेले तेव्हा पोळा तोंडावर आला होता आणि कपाशी गुडघ्याला लागली होती. आमच्याकडे कपाशी चौफुलीवर लावतात. दोरी धरून पहिली रेघ सरळ ओढायची आणि तिच्या मापानं बाकीच्या. आधी उभ्या, मग आडव्या. रेघा जिथे कापतात तिथे सरकी टोबायची. मग झाडं अशी ओळीत येतात की बैलांचा डवरा, म्हणजे तण काढायचं कोळपं, दोन्हीकडून फिरतो. इंदू धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून ओरडत होती, "तिसरं तास, पाचवं झाड! मर लागली त्याले, उपट!" आणि समीक्षा तासं, म्हणजे ओळी, मोजत नेमकी त्या झाडापाशी जात होती.

मला धीर निघाला नाही. ती जवळ येताच मी विचारलं, "तू उत्तरं पुस्तकाच्या मांगून पाह्यली का?"

"नाई."

"मंग सर खोटं बोलते का?"

तिनं कागद हातात घेतले. एकेक काट बघितली. हाताला माती होती म्हणून कागद फक्त कडेला धरले होते. बघता बघता तिचे डोळे भरून आले. "आत्या, लहान गणित लिहून टाक," ती म्हणाली. "पन म्या चोरी नाई केली."

मी तिला धुऱ्यावर बसवलं आणि म्हटलं, "मले दाखव कसं केलं ते."

तिनं आलेखातल्या उभ्या जाड रेघेवर बोट ठेवलं. "ही एक. ही दोन. ही तीन. आता खालून वर, एक, दोन. झालं का नाई तीन-दोन?"

मी स्वतः मोजलं. एक, दोन, तीन, एक, दोन. बरोबर तीन-दोन. मग माझं टाळकं सरकलं. संध्याकाळच्या एसटीनं मी पांढरकवड्याला परतले आणि चपला न काढताच सरांच्या दारात उभी राहिले.

"सर, पोरीनं एक बिंदू चुकवलेला नाही. तुमच्यासमोर मोजून दाखवते." मी टेबलावर कागद पसरला, जाड रेघेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "ही एक..."

"थांबा," सर म्हणाले. "पहिल्या रेघेला एक का म्हणालात?"

"अहो, पहिली रेघ ती एक नाही तर काय सतरा?"

सर हसले नाहीत. "आणि शून्य कुठे?"

"ते मला काय माहीत? शून्य आलं की तिनं ठिपका रेघेच्या बाहेर काढलाय बघा."

सरांनी कागद ओढून घेतला आणि माझ्यासारखंच बोटानं मोजायला लागले. एक कागद झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मग ते खुर्चीत मागे टेकले. "जाड रेघ म्हणजे शून्य, कुंदाताई. तिनं तिला एक धरलंय. प्रत्येक आलेख एक घर सरकलाय, आणि उत्तर वाचतानाही तिनं तसंच मोजलंय. म्हणून बिंदू चुकले आणि तरी उत्तर बरोबर आलं." मग कागद नीट जुळवत ते म्हणाले, "तिनं कुठंही पाहिलेलं नाही. सगळं स्वतः सोडवलंय."

भांडण जिंकायला गेलेल्या मला आपणही तीच चूक करत होतो हे कळलं, आणि मला त्याचं काही म्हणजे काहीच वाटलं नाही. सरांनी मग मी बाद केलेली पुस्तकंसुद्धा मागवून पाहिली. चित्राच्या कोपऱ्यात बारीक शून्य सगळीकडे होतं. जाड रेघ म्हणजे शून्य, असं सरळ वाक्य मात्र एकातही नव्हतं.

"आम्ही चित्र दाखवतो आणि पुढे जातो," सर म्हणाले. "मीसुद्धा कधी हे वाक्य बोललो नाही. मला तुमच्या गावी न्या."

पुढच्या रविवारी सर माझ्याबरोबर आले. फाट्यावरून शेतापर्यंत चालताना काळ्या मातीनं त्यांचे बूट जड झाले, पण माणूस कुरकुरला नाही. इंदूनं घाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. समीक्षा माझ्या मागे उभी.

"पोरी, मला तुझं शेत समजावून सांग," सर म्हणाले. "पहिलं तास कोणतं?"

"हे, धुऱ्याले लागून."

"आणि धुऱ्यावर किती झाडं?"

"धुऱ्यावर कोन लावते, सर? तिथं काई नाई."

"काही नाही म्हणजे किती?"

ती उत्तर द्यायला गेली आणि थबकली. धुऱ्याकडे बघितलं, मग सरांच्या हातातल्या कागदाकडे. "शून्य," ती हळूच म्हणाली. आणि मग एकदम, "अव माय! म्हंजे ती जाड रेघ धुरा हाय! पहिलं तास नाईच ते!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

सर म्हणाले, "मी तुझी उत्तरं चोरीची म्हणालो. ते चुकलं माझं. माफ कर."

आमच्या भागात म्हातारा मास्तर लेकरापुढे असं बोलत नाही. समीक्षा गडबडून त्यांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला मध्येच धरलं. "काट खोडून देतो," ते म्हणाले.

"नाई सर, राहू द्या. आलेख तं चुकलेच ना."

मी त्या क्षणी तिला कडेवर उचलून घेतलं असतं. पंधरा-सोळा वर्षांची घोडी झाली आहे म्हणून राहिलं.

मी पिशवीतून फॉर्म काढला. पण सरांना खरं सांगायची सवय. ते म्हणाले, "मोठं गणित हिला जमेल. पण संध्याकाळी दमून आल्यावर नाही. रोज सकाळी दोन तास, ताज्या डोक्यानं बसावं लागेल."

वेचणी सुरू झाली की आमच्या घरात सकाळ कुणाची असते, हे सरांना माहीत नव्हतं. आम्हा तिघींना होतं. समीक्षा मातीकडे बघत राहिली. तिनं आईकडे एकदाही पाहिलं नाही, आईला भीड पडू नये म्हणून.

इंदूनं सरांना विचारलं, "एवढं करून नापास झाली तं?"

"होऊ शकते," सर म्हणाले.

"त पुन्हा बसीन," समीक्षा पुटपुटली.

इंदूनं कपाशीवरून एकदा नजर फिरवली. माझ्या या भावजयीनं लग्न झाल्यापासून कुणाला उलटून उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. "पोट्टीची शाळा सुटली तवा मी काई बोलली नाई," ती म्हणाली. "आता बोलून राह्यली. सकाळची वेचणी मी एकटी करीन."

"आई, कापूस झाडालेच राहीन. गळून जाईन."

"जाऊ दे."

समीक्षानं फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं.

"वाचून दाखव," इंदू म्हणाली. तिला स्वतःला वाचता येत नाही.

"बीजगणित. भूमिती."

इंदूनं ते दोन्ही शब्द ओठातल्या ओठात म्हणून पाहिले. मग लेकीच्या डोक्यावरून मातीचा हात फिरवला. "उद्यापासून कोंबड्याच्या आरवन्यावर उठवीन तुले," ती म्हणाली. "शेतात न्यायले नाई, अभ्यासाले."

एवढं बोलून ती डवऱ्याच्या बैलांकडे निघून गेली. सवयीनं समीक्षा उठली, दोन पावलं तिच्या मागे गेली, आणि थांबली. मग परत येऊन सरांजवळ बसली.