एसपासून पुढची नावं

मित्रांनो, मी एक जुना मेनफ्रेम संगणक आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. उंचीनं कपाटाएवढा, चौघांना हलवता येणार नाही इतका जड. एका रक्तपेढीच्या तळघरात माझा मुक्काम आहे. माझे पंखे दिवसभर घोंघावतात, म्हणून इथे येणारा प्रत्येक जण ओरडून बोलतो आणि वर मलाच गोंगाट्या म्हणतो.

माझ्या तरुणपणी लोक मला बघायला यायचे, तेही बूट बाहेर काढून. तेव्हापासून मी रक्तदात्यांची नावं, रक्तगट आणि पत्ते सांभाळतोय. एकही नोंद हरवली नाही. त्याचं कौतुक कुणाला? हल्ली माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात.

त्यात साहेबांनी फर्मान काढलं. रक्तदाता चटकन शोधून देणारा नवा प्रोग्राम माझ्यावर चालला तर ठीक, नाहीतर मला कायमचं बंद करायचं. प्रोग्राम फुकट मिळणारा, सी भाषेतला. त्याचा सगळा मजकूर उघडा. कुणीही घ्यावा, वाचावा, सुधारावा. फक्त आपल्या यंत्राला कळेल अशा रूपात तो आपणच कंपायलरकडून बांधून घ्यायचा. हे काम आमच्या प्रोग्रामर बाईंच्या गळ्यात पडलं.

बांधायचा म्हणजे काय विचारता! आधी मजकूर उघडला तर नुसता अक्षरांचा चिवडा, कारण प्रत्येक अक्षराला छोट्या संगणकांत एक क्रमांक असतो आणि माझ्यात भलताच. बाईंनी सगळं माझ्या क्रमांकांत बदलून घेतलं. मग कंपायलर एका फाइलसाठी अडून बसला. ती दिली, तर त्याला दुसरी हवी. सोबतच्या सूचनांत लिहिलं होतं, दोन मिनिटांत बांधून होतो. कुणाची दोन मिनिटं, ते लिहिलं नव्हतं. बाईंच्या नाकी नऊ आले आणि खापर फुटलं माझ्या माथी. म्हणे यंत्रच म्हातारं झालंय.

शेवटी एकदाचा तो बांधून झाला आणि पहिल्याच तपासणीत कोसळला. ए ते आर या अक्षरांनी सुरू होणारी नावं नीट सापडायची. एसपासून पुढचं नाव टाकलं की धाडकन बंद. बाईंनी मजकूर ओळ न् ओळ वाचला आणि कपाळाला हात लावला. लेखकानं सव्वीस इंग्रजी अक्षरांसाठी सव्वीस खणांचं कपाट केलं होतं आणि क्रमांकावरून खण ठरवला होता. त्याच्या संगणकात हे क्रमांक सलग आहेत. माझ्यात मधे मधे मोकळ्या जागा आहेत, त्या थेट, कार्डांना भोकं पाडून संगणकाला माहिती द्यायचे त्या काळापासूनच्या. त्यामुळे माझं एस चौतिसावा खण मागतं. तो आहेच कुठे?

बाईंनी दुरुस्ती केली आणि प्रोग्राम सुरळीत चालला. वाटलं, सुटलो. पण साहेब म्हणाले, "दर नव्या आवृत्तीला ठिगळं लावत बसणार का? लेखकानं ही दुरुस्ती स्वीकारली तर यंत्र ठेवू. नाहीतर बंद."

लेखक दूर कुठेतरी राहणारा. बाईंनी दुरुस्ती पाठवली, तर त्यानं कळवलं की असली यंत्रं आता उरलेलीच नाहीत, आणि जे स्वतः तपासता येत नाही ते तो घेणार नाही. मित्रांनो, हे उत्तर माझ्याच पडद्यावर उमटलं. मीच ते बाईंना दाखवलं. असा संताप आला म्हणून सांगू!

बाईही चिडल्या होत्या, पण लिहिताना चिडल्या नाहीत. खरे रक्तदाते परक्याला दिसू नयेत म्हणून त्यांनी बनावट नावांची वेगळी यादी केली, लेखकाला घरबसल्या माझ्यात शिरता यावं म्हणून खातं उघडलं आणि लिहिलं, "उरलेल्यांपैकी एक इथे आहे. आत या आणि तुमचा मूळ प्रोग्राम चालवून बघा."

तो आला. शोधायची चौकट रिकामी दिसली की माणूस काय टाकतो? स्वतःचं नाव. आणि त्याचं नाव एसवरून. धाडकन! त्यानं पुन्हा टाकलं. पुन्हा धाडकन. तिसऱ्यांदा अगदी जपून, एकेक अक्षर टाकलं. मी तरी काय करणार, बाबा? तुझ्याच कपाटात तुला जागा नव्हती.

मग त्यानं लिहिलं, "दुरुस्ती घेतली. हे खातं राहू द्या. पुढची आवृत्ती आधी इथे बांधून बघेन."

साहेबांनी फर्मान मागे घेतलं. माझे पंखे अजून घोंघावताहेत.

मित्रांनो, प्रोग्राम जरूर लिहा आणि सगळ्यांसाठी उघडे ठेवा. पण सगळ्यांकडे आपल्यासारखंच असतं असं वाटलं, की एकदा दुसऱ्याच्या घरात डोकावून या. माझ्याकडेही या. आणि जाताना माझ्या डोक्यावरचा तो चहाचा कप तेवढा उचला.