साडूंची अक्कलदाढ

आमचे साडू ज्या दुपारी श्रीमंत झाले, त्या दुपारी त्यांच्या तोंडात कापसाचा बोळा होता. मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो, म्हणून हे सांगायचा अधिकार माझ्याकडे आहे. पहाटे चारला उठणं, गार पाण्याची आंघोळ, मोठी स्वप्नं बघणं वगैरे जे तुम्ही ऐकलं असेल, ते सगळं नंतरचं. श्रीमंती आधी आली, तिची कारणं मागाहून जमवली.

त्याआधी साडू बॅगा दुरुस्त करायचे. चेन बदलणं, तुटलेलं हँडल शिवणं, प्रवासी बॅगेला नवं चाक बसवणं. दुकान दोन गल्ल्यांच्या कोपऱ्यावर, त्रिकोणी, आणि टोकाला इतकं निमुळतं की तिथे फक्त दोऱ्याची रिळं मावायची. आत मशीनवर त्यांची बायको बसायची, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई. बाहेर स्टुलावर साडू. हात कामाला पक्के, पण जिभेला हाड नाही. गिऱ्हाइकाने बॅग पुढे केली की भाव सांगायचे, ते ऐकतंय तोवर स्वतःच कमी करायचे, आणि त्याने उसासा टाकला की म्हणायचे, "बरं, राहू द्या, चेनपुरतेच द्या, मजुरीचं नंतर बघू." एकदा एका बाईंनी उसासा टाकला तो दम्यामुळे. सवलत त्यांनाही मिळाली.

दुकान मूळचं आमच्या सासऱ्यांचं. ते गेले तेव्हा मागे दोनच गोष्टी राहिल्या, हे गळकं दुकान आणि बँकेतली थोडी ठेव. ताई म्हणाली, "धाकटीने आधी निवडावं." धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून, वर पैसा कसा वाढवावा यावरची झाडून सगळी पुस्तकं वाचलेला. मी अर्थातच ठेव घेतली, आणि कचेरीतल्या एका जाणकाराच्या सल्ल्याने बदकपालनाच्या योजनेत घातली. बदकं कुठल्या तळ्यात आहेत ते अजून कळलेलं नाही. माझी बायको हा विषय काढत नाही. ताईकडे जाऊन आली की दारं जरा जोरात लावते, इतकंच.

मग दुकानामागचा सगळा पट्टा एका बिल्डरने घेतला. लाकडाची वखार गेली, पिठाची गिरणी गेली, सायकलवाला गेला. साडूंना मात्र कोणी विचारेना. दुसरा एखादा यात मेख आहे हे ओळखून मिशीत हसला असता. साडूंची झोप उडाली. "आपल्याला विसरले वाटतं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. "जे देतील ते घेईन हो. सावलीत एक टपरी मिळाली तरी पुरे." ताई आतून म्हणायची, "हळू बोला, अख्ख्या गल्लीला ऐकू जातंय." गल्लीला ऐकू गेलं, पण देवदयेने बिल्डरला गेलं नाही. तो काचा बंद करून फिरायचा.

शेवटी निरोप आला, गुरुवारी दुपारी ऑफिसात या. आणि बुधवारी साडूंची अक्कलदाढ सुजली. गाल असा फुगला की डाव्या बाजूने ते शेठ दिसायला लागले. गुरुवारी सकाळी दातांच्या डॉक्टरने दाढ उपटली, खड्ड्यात कापूस कोंबला आणि बजावलं, "संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही, थुंकायचं नाही, दाबून धरायचं." ताई म्हणाली, पुढची तारीख मागू. साडूंनी जोरजोरात मान हलवली. त्यांना वाटलं, आज गेलो नाही तर बिल्डरचा विचार बदलेल.

ताईने मला फोन केला. "भाऊजी, मला एका शाळेच्या बॅगांची ऑर्डर आजच द्यायची आहे. तुम्ही यांच्याबरोबर जा. यांची दाढ काढली आहे, बोलता येत नाही, एवढं सांगा आणि पहिला आकडा येईल त्याला हो म्हणून या. बाकी काही बोलू नका हं." शेवटचं वाक्य तिने बदकांकडे बघून टाकलं असावं, पण मी मनाला लावून घेतलं नाही.

बिल्डरचं ऑफिस इतकं गार होतं की साडूंनी आत शिरताच गाल धरला. मोठं काचेचं टेबल, त्यावर नव्या इमारतीचं छोटं मॉडेल, भोवती स्पंजची हिरवी झाडं. आमच्या दुकानाच्या जागी फाटक होतं आणि फाटकातून एक खेळण्यातली मोटार आत वळत होती. मी ते पाहिलं. त्यातून काही समजून घ्यावं असं मला सुचलं नाही. पुस्तकांत मॉडेलबद्दल काही नव्हतं.

बिल्डर पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला, घाईतला माणूस. "काय घेणार, चहा की कॉफी?"

साडूंनी मान हलवली.

"पाणी?"

पुन्हा नाही. बिल्डरने खुर्ची जरा पुढे ओढली.

मी घसा साफ केला. "त्याचं काय आहे, साहेब, यांची..."

त्याने माझ्याकडे न बघता हात वर केला. "मी मालकांशी बोलतोय. तुमचं काम असेल तेव्हा विचारीन."

कचेरीत असं ऐकायची मला सवय आहे, पण बाहेर ऐकून घ्यायचं म्हणजे काय? मी हाताची घडी घातली आणि ठरवलं, आता याने पाय धरले तरी बोलायचं नाही. साडूंच्या श्रीमंतीत माझा वाटा असलाच, तर एवढाच.

बिल्डरने पहिला आकडा सांगितला. आमच्या साऱ्या घराण्यात एवढा आकडा कोणी तोंडाने उच्चारला नसेल. साडूंचे डोळे पांढरे झाले. ते जिवाच्या आकांताने "हूं" म्हणाले. पण बोळ्यातून ते बाहेर आलं "उंहूं" असं.

"कमी वाटतो?" बिल्डर म्हणाला.

साडू घाबरले. घाईघाईने पुन्हा "हूं" म्हणायला गेले आणि आणखी ठसक्यात "उंहूं" झालं. बिल्डरने आकडा वाढवला. आता साडूंचं बधिरीकरण उतरायला लागलं होतं. त्यांनी डोळे मिटले, गालाला हात लावला आणि मान मागे टाकून छताकडे तोंड केलं. मला माहीत होतं की ते कळ सोसतायत. बिल्डरला वाटलं, हिशेब चाललाय.

खोलीत बराच वेळ फक्त एसीचा आवाज होता. मग बिल्डरने सुस्कारा सोडला आणि स्वतःच्या हाताने भांडं फोडलं.

"म्हणजे तुम्हाला कळलंय तर. कोणी सांगितलं? आमच्यातलाच कोणी फितूर झाला का? ठीक आहे. हो, तुमचा कोपरा मिळाल्याशिवाय आगीचा बंब आत वळत नाही, आणि बंब वळल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. सगळी इमारत तुमच्या त्या कोपऱ्यावर अडली आहे. आता बोला."

साडू काय बोलणार. त्यांच्या तोंडात रक्त आणि लाळ साठली होती, थुंकायला बंदी होती आणि गिळवत नव्हतं. ते ताडकन उठले आणि बेसिन शोधत दाराकडे निघाले.

बिल्डर टेबलाला वळसा घालून धावला. "अहो थांबा, चिडू नका. रोख राहू द्या तेवढीच, वर नव्या इमारतीत रस्त्यावरचे दोन गाळे देतो. तळमजल्यावरचे. यापुढे मात्र मला शक्य नाही, खरंच नाही."

साडू दारातच वळले. डोळ्यांत पाणी. त्यांनी बिल्डरचा हात दोन्ही हातांत धरला आणि तसेच उभे राहिले. बिल्डरने नंतर मला जिन्यात सांगितलं, "पुष्कळ माणसं पाहिली, पण असा कठीण माणूस नाही पाहिला. आणि शेवटी किती दिलदार." मी काही बोललो नाही. मला मघाशीच गप्प बसवलं होतं ना.

एक गाळा बँकेने भाड्याने घेतला, दुसरा औषधांच्या दुकानाने. रोख पैशांतून आणखी गाळे झाले, त्यांच्या भाड्यातून आणखी. पैसा एकदा वाट शिकला की त्याला हात धरून आणावं लागत नाही. आमच्याकडून जायची वाटही तो अशीच चटकन शिकला होता.

सुरुवातीला साडूंनी कोणापासून काही लपवलं नाही. लपवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "अहो, कापूस होता तोंडात, मी तर पहिल्यालाच हो म्हणत होतो," असं ते ज्याला त्याला सांगायचे. लोक हसायचे आणि म्हणायचे, "बघा, एवढं मिळवून किती साधेपणा." व्यापारी मंडळाने भाषणाला बोलावलं, तिथेही त्यांनी दाढेची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता पसरली. कौतुकाची नव्हती ती. कार्यक्रम संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष त्यांना कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "लोक तिकीट काढून येतात हो. घरी जाऊन काय करायचं, दात पाडून घ्यायचे? काहीतरी घेण्यासारखं द्या ना."

साडू पडले गिऱ्हाइकाचं मन राखणारे. पुढच्या भाषणात दाढ गेली आणि "मौनाचं सामर्थ्य" आलं. त्याच्या पुढच्या भाषणात चहा नाकारण्यामागचं धोरण आलं. मग पहाट आली, गार पाणी आलं, आणि एके दिवशी मी पण आलो: "माझ्याबरोबर एक सल्लागार होते. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, एक शब्द बोलायचा नाही." बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात. साडू आता तीन-तीन तास बोलून मौन विकायला लागले.

मी ताईजवळ कुरकुर केली. तिने मशीन घरात एका खोलीत मांडलं होतं, जुनी गिऱ्हाइकं अजून यायची. दोरा ओवता ओवता ती म्हणाली, "मी सांगून पाहिलं, भाऊजी. ते म्हणतात, लोकांना आवडतं. आपल्या घरी ते साडेसातला उठतात, तेही हलवल्यावर."

मध्यंतरी साडूंना स्वतःची विद्या वापरून बघायची हुक्की आली. एक निवृत्त मुख्याध्यापिका आपला जुना बंगला विकणार होत्या. साडू मला घेऊन गेले, चहा नाकारला, डोळे मिटून बसले. दुर्दैवाने बाईंनी त्यांचं भाषण ऐकलेलं होतं. त्यांनीही चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. दोन माणसं समोरासमोर बसून अशी गप्प, आणि मी मध्ये भिंतीवरचं घड्याळ ऐकतोय. साडूंना दरदरून घाम फुटला. शेवटी त्यांच्या तोंडून निघालंच, "बरं, थोडे वाढवतो." बाईंनी डोळे उघडले नाहीत. "आणखी थोडे." तरी नाही. तिसऱ्यांदा वाढवल्यावर बाई म्हणाल्या, "ठीक आहे, तुम्ही एवढा आग्रहच करताय तर." मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त मोजून साडू बाहेर आले.

मला वाटलं, आता बिंग फुटणार. पण वर्षभरात त्या बाजूला मोठा रस्ता झाला आणि बंगल्याची किंमत कुठल्या कुठे गेली. साडूंच्या भाषणात "दूरदृष्टी" नावाचा नवीन भाग सुरू झाला. माझी बदकं गेली तो मूर्खपणा होता. गरिबाची चूक चूकच राहते, श्रीमंताच्या चुकीला नुसता थोडा वेळ द्यावा लागतो.

त्यानंतर साडूंनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही माझ्याआधी दहा मिनिटं बोला. त्या दिवशी ऑफिसात प्रत्यक्ष हजर असलेला माणूस म्हणून. मानधन देऊ." ते किती, हे ताईने सांगितलं. कचेरीत महिनाभर पाण्याच्या तक्रारी नोंदवून जे मिळायचं, ते इथे चार शनिवारांत मिळणार होतं. माझी तत्त्वं मला प्रिय आहेत, म्हणून मी घरी जाऊन बायकोला विचारलं. तिने उठून दार लावलं, अगदी हळुवार, आणि म्हणाली, "विचारायचं काय त्यात?"

पहिल्या शनिवारी मी कागदावरून वाचायला सुरुवात केली. पण "त्यांनी डोळे मिटले" म्हटल्यावर समोरचे सगळे पुढे झुकले, आणि मला पहिल्यांदा कळलं की आपलं बोलणं कोणी ऐकतंय म्हणजे कसं वाटतं. पुढे मी थोडी भर घातली. बिल्डरचा आवाज कापत होता, वगैरे. कार्यक्रमानंतर एका शिंपिणीने माझा हात धरून विचारलं, "मी गप्पच असते हो, वीस वर्षं. मला का नाही काही मिळालं?" मी तिला सांगितलं की साडूंनी आता फी भरून यायचे वर्गही काढलेत, त्यात ते सविस्तर येतं. तिने नाव नोंदवलं. तो शनिवार मला अजून फारसा आठवायला आवडत नाही. पावसाळ्याआधी मी कचेरीचा राजीनामा दिला.

एकदा परतताना गाडीत साडू पुढच्या भाषणाची टिपणं चाळत होते. मग म्हणाले, "खरं सांगा, त्या दिवशी मी हो म्हणत होतो की नाही म्हणत होतो?"

"हो म्हणत होतात."

"नक्की?"

"मी शेजारी होतो ना."

"मला आता तसं आठवत नाही हो," ते म्हणाले. "मला आठवतं ते मी सांगतो तसंच. दुखत होतं, एवढं मात्र खरं." मग टिपणांत खरडत, "ते सांगायला पाहिजे खरं म्हणजे. वेदना म्हटलं की लोकांना पटतं."

घरी पोचलो तेव्हा ताई एका शाळकरी दप्तराचा पट्टा शिवत होती. तिने मशीन न थांबवता विचारलं, "सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या?"

"मागे लोक उभे होते," मी म्हणालो.

"मग पुढच्या वेळेला मोठं सभागृह घ्या," ती म्हणाली, आणि दात लावून दोरा तोडला.