दुकानात न मिळणारा रंग

आमच्या घराला भिंती नव्हत्या, नमुने होते. खाली सासऱ्यांचं रंगाचं दुकान, वर आम्ही. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर अख्खं घर नव्यानं रंगायचं आणि गिऱ्हाइकांना जिना चढवून दाखवलं जायचं. सासरे ओला फडका भिंतीवर फिरवून डाग कसा निघतो ते दाखवायचे आणि ठरलेलं वाक्य टाकायचे, "आम्ही जे विकतो, त्यातच झोपतो."

मी लग्न होऊन आले तेव्हा माझी खोली पिस्ता रंगाची होती. पुढच्या वर्षी जांभळी. एकदा तर अर्धी भिंत चकचकीत आणि अर्धी मॅट, का तर गिऱ्हाइकाला फरक कळावा. बाळंतपणाची विश्रांती मी त्या फरकाकडे बघत घेतली. खिडक्या कायम बंद, कारण धुळीनं रंग काळवंडतो. माणूस काळवंडला तर चालतो.

माझा नवरा दुकानाच्या मागच्या खोलीत रंग मिसळायचा. त्या खोलीला खिडकीच नाही. रात्री त्याच्या केसांना थिनरचा वास यायचा. खोकत खोकत गेला बिचारा. माणसं भेटायला आली, तेव्हा सासरे खुर्चीत बसून प्रत्येकाला सांगत होते, "त्याची छातीच कच्ची होती. जन्मापासून." मी दाराआड उभी होते. ते वाक्य मी गिळलं, पण पचलं नाही.

मग माझ्या लेकीला दम लागायला लागला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, औषधं देते, पण आधी घरातली हवा बदला. भिंतीवर सारखा नवा रंग नको, स्पंजची गादी नको, खिडक्या उघडा. घरी येऊन मी हे सांगितलं, तर सासरे वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "बापावर गेलीय. छाती कच्ची."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नवरा दिला, आता पोर देणार नाही.

सासरे आणि दीर रंगाच्या कंपनीच्या मेळाव्याला दहा दिवस परगावी गेले, त्याच सकाळी मी लेकीला माझ्या बहिणीकडे पोचवलं, बादलीत चुना भिजत घातला, तोंडाला फडकं बांधलं आणि पत्र्याच्या तुकड्यानं माझ्या खोलीची भिंत खरवडायला घेतली. वरचे थर गेले, मग जांभळा निघाला, त्याखाली पिस्ता, त्याखाली मी यायच्या आधीचं काहीतरी गुलाबी. दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. आता बोलणी बसणार, असं वाटलं.

"सुकं खरवडू नकोस, धूळ उडते. भिंत भिजवून घे," त्या म्हणाल्या. जाता जाता वळल्या. "आणि चुन्यात चिमूटभर नीळ टाक. नाहीतर पिवळट दिसतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"असंच," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

चुना लावला. कापसाची गादी भरून आणली. वर्षानुवर्षं रंगानं चिकटलेली खिडकी सुरीनं सोडवली. लेक परत आली आणि काही दिवसांतच रात्रभर न खोकता झोपायला लागली. मी मात्र जागी राहायचे. तिचा श्वास ऐकत राहण्यात मला इतकं सुख होतं की झोप नकोशी वाटायची.

सासरे परतले आणि दारातच कडाडले, "गोठा केलास घराचा! हंगामात गिऱ्हाइकाला काय दाखवू?"

दीर म्हणाले, "वहिनी, दुकानाचं नाक कापलंत. रविवारी ठेकेदार येतोय. अख्ख्या इमारतीचं काम आहे."

"त्याच्या आत इथे ऑइल पेंट लागेल," सासऱ्यांनी फर्मान काढलं. "पेंटरला उद्याच सांगतो."

मी भांडले. उपयोग शून्य. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला बसले. लेकीच्या फ्रॉकवर पाठीच्या बाजूला पांढरा धब्बा होता, भिंतीला टेकून बसते ना. बादलीतून पुढचा कपडा काढला, तो सासऱ्यांचा शर्ट. पाठीवर तसाच पांढरा धब्बा, तिथेच, खांद्यांच्या मधोमध.

हा डाग मी लग्नापासून ब्रशनं घासत आले होते. वाटायचं, दुकानातली पुट्टी असेल. पण सासरे पुट्टीला हात कुठे लावतात? ते तर गल्ल्यावर बसतात. आणि मला रोजची सकाळ आठवली. सासरे खाली निघाले की सासूबाई जिन्याच्या तोंडाशी त्यांची पाठ हातानं झटकायच्या. मला ते प्रेम वाटायचं.

ओल्या हातानं मी त्यांच्या खोलीत गेले. त्या खोलीत गिऱ्हाइकाला कधी नेत नसत, केरही सासूबाई स्वतःच काढत. भिंत पांढरी होती हे मला माहीत होतं. महागातला पांढरा असेल, असं मी धरून चालले होते. मी तळवा टेकला. तळवा पांढरा झाला.

सासूबाई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"वासानं यांचं डोकं चढतं," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्यापासून. मीच लावते चुना. कोणाला सांगायचं नाही म्हणाले, दुकानाचं कसं दिसेल." मग घडी तशीच मांडीवर राहिली. "मला वाटायचं गं, त्रास फक्त यांनाच होतो."

मला त्यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू. पण लेक त्यांचाही गेला होता. मी बाहेर आले.

खाली जाऊन तमाशा करता आला असता. केला नाही. संध्याकाळी सासऱ्यांपुढे चहा ठेवला आणि मान खाली घालून म्हटलं, "बाबा, चुकलंच माझं. पण ओल्या रंगाच्या वासात पाहुणे कसे बसतील? रविवार होऊ दे, मग पेंटर बोलवा. तोवर मी माझी खोली बंद ठेवते."

"आली ताळ्यावर," सासरे दिरांना म्हणाले.

रविवारी ठेकेदार बायकोला घेऊन आला. बैठकीची भिंत बघितली, फडका फिरवून झाला, दिरांनी शेड कार्ड उलगडलं. सासरे अगदी रंगात आले होते.

"आम्ही जे विकतो, त्यातच झोपतो," ते म्हणाले.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. "मग बाबा, तुम्ही झोपता ती खोली राहिलीच की दाखवायची."

सासऱ्यांचा चेहरा पडला. "ती खाजगी आहे."

"बघू द्या की, आम्हाला झोपायच्या खोल्यांचंच ठरत नाहीये," ठेकेदाराची बायको उठलीच.

माझ्याआधी सासूबाई उठल्या. त्यांनीच दार सताड उघडलं.

ठेकेदारानं भिंतीवर तळवा फिरवला, तळव्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. "हा तर चुना."

"हो," मी म्हटलं. "ऑइल पेंटच्या वासानं यांचं डोकं दुखतं. डोकं कच्चं आहे त्यांचं. जन्मापासून."

ठेकेदार चहा न पिताच गेला. दीर त्याच्यामागे जिना उतरले. सासरे पलंगावर बसले, सवयीनं भिंतीला टेकले आणि म्हणाले, "सूनबाई, त्याला इतका त्रास होत असेल, हे मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत होतं," मी म्हटलं. "म्हणून तर त्या मागच्या खोलीत तुम्ही स्वतः कधी बसला नाहीत."

मला दया आली नाही. अजूनही येत नाही.

पेंटर आला, त्याला सासूबाईंनी जिन्यावरूनच परत पाठवलं. आता सगळ्या घराला चुना आहे, खिडक्या उघड्या आहेत आणि लेक जिना पळत चढते. सासरे अजून रोज दुकानात जातात. जिन्याच्या तोंडाशी सवयीनं क्षणभर पाठ करून थांबतात. सासूबाई भाजी निवडत असतात. त्या उठत नाहीत. मग ते तसेच, पाठीवर पांढरा धब्बा घेऊन, गिऱ्हाइकांमध्ये उतरतात.