बिनगाठीचा झगा

सुईच्या नाकातून दोरा तिसऱ्यांदा निसटला तेव्हा तिने त्याचं टोक दातात धरलं, ओलं केलं, आणि थांबली — दोरा दातांनी तोडते म्हणून ताई तिला ‘खारे’ म्हणायची, आणि ती हाक आता या शिवणखोलीत कुणी मारणार नव्हतं.

मांडीवर कोरा मांजरपाट, खळीने करकरीत. दुपारी पहारेकरी झगा न्यायला येईल. उद्या सकाळी तो ताईला घालतील, तिला बांधून तळ्यात सोडतील. बुडाली तर निर्दोष, दोराने वर ओढायची — वेळेत ओढली तर — आणि तरंगली तर चेटकीण. झगा रक्ताच्या नात्यातल्या बाईनेच शिवायचा, आणि त्यात एकही गाठ नको. गाठीत चेटूक दडतं म्हणतात. सापडली तर परीक्षा रद्द, आणि शिवणारीलाच चेटकीण म्हणून धरायचं.

मापं घ्यावी लागली नाहीत. ताईचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धं बोट उतरता. तुला काखोटीला मारून हिंडले ना, त्याचं भाडं, असं तीच म्हणायची...

“बाह्या कशाला कापल्यास?” मालकीणबाईंनी विचारलं. “हात आत बांधतात.”

“सवयीने.”

“राहू द्या हो बाई,” काजं करणारी मावशी म्हणाली. “आमच्या ह्यांना रुमाल होतील. नाक बारा महिने गळतं.”

कुणी हसलं नाही. मावशीनेही मग मान खाली घातली.

सवय. तान्ह्या मुलांच्या आणि मेलेल्या माणसांच्या कपड्याला इथे गाठ मारत नाहीत. दोऱ्याचं टोक तीन उलट्या टाक्यांत जिरवायचं. दोन आठवड्यांपूर्वी एका बाळाचं टोपडं घाईचं होतं, तिचे डोळे आले होते, टोक पुन्हा पुन्हा निघत होतं, आणि तिने दुमडीच्या आत एक गाठ मारली. मोहरीएवढी. ताईने टोपडं पोचवलं, स्वतःच्या हाताने बाळाला घातलं. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. त्याच्या आईने रडत रडत ते टाका टाका उसवलं, आणि संध्याकाळी माणसं दारात उभी राहिली. हे कुणी शिवलं?

“मी,” ताई म्हणाली.

तिने धाकट्या बहिणीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आपण बोललो असतो, असं अकरा दिवस धाकटी स्वतःला सांगत होती. ती तेव्हा एका सदऱ्याची कॉलर उलटवत होती. ताईला जिन्यावरून नेईपर्यंत तिने चाळीस टाके घातले, आणि चाळीसही सरळ आले.

ती गाठ मालकीणबाईंनीही पाहिली होती. बोटाभोवती दोन वेढे देऊन मारलेली. खोलीत तशी एकच जण मारते.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “टोपड्यातली ती गाठ...”

“खालची दुमड राहिली आहे,” मालकीणबाई म्हणाल्या. कात्री पुसत, तिच्याकडे न बघता त्यांनी पुढे जोडलं, “माझा एक हात गेला. दुसरा घालवू नकोस. गप शिव.”

ती शिवत राहिली. गाठीने बाळ मरतं का? दिवसा वाटायचं, नाही. बाळं तापानेही जातात, आणि मग ताई फुकट मरणार. पण कधी वाटायचं, मरत असेल... मग तळ्यात जायला हवं ते तिनेच, आणि तरंगेलही तीच. कुठल्याही बाजूने विचार केला तरी शेवटी ताईचा उतरता खांदाच दिसायचा.

जिन्यावर बूट वाजले. पहारेकरी दारात उभा राहून मावशीकडे पाणी मागत होता. ताईसाठी येणारा माणूस असा तहानलेला असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

दुमड संपली. वीतभर दोरा उरला. एक उलटा टाका. दुसरा... तिसऱ्याला सुई खाली गेली नाही. दोरा बोटाभोवती फिरला, एकदा, मग पुन्हा. बोटाचं टोक पांढरं पडत चाललं. भीतीची ती वाट पाहत होती, अकरा दिवस उशाला असलेल्या त्या भीतीची, पण आठवलं ते वेगळंच: हेच बोट चिमटीत धरून ताई पहिला टाका शिकवत होती. अगं हळू, खारे. कापड कुठे पळून जात नाही.

“झालं का?” मालकीणबाईंनी विचारलं.

“होतंय,” ती म्हणाली.

आवाज तिला परका वाटला. मग ओळखू आला. ताईचा “मी” असाच निघाला होता, सपाट, कुणाकडेही न बघता.