लॅपटॉपची वामकुक्षी

व्याख्यानगृहात दीडशे खुर्च्या होत्या आणि दोनशे माणसं. बऱ्याच जणांच्या मांडीवर काही ना काही बिघडलेलं होतं. कुणाचा फोन, कुणाचा रेडिओ. एकाने तर मिक्सरच आणला होता. व्यासपीठावर ऊर्जागुरू उभे होते आणि त्यांच्यासमोर टेबलावर मावशीचा लॅपटॉप.

हा लॅपटॉप कॉलेजभर माहीत होता. मावशीच्या भाचीला लहानपणापासून ऐकू येत नाही. वर्गात जे बोललं जाईल ते मावशी टाइप करते, अक्षरं भिंतीवरच्या पडद्यावर उमटतात आणि भाची वाचते. मावशी इतकी इमानी की कुणी खोकलं तरी कंसात खोकला येतो.

महिन्याभरापासून मात्र लॅपटॉपने नवीनच खोड काढली होती. बॅटरीवर तो पळायचा, पण बॅटरी पाऊण तासात संपायची. चार्जिंगला लावला की मंद. शिक्षक तिसऱ्या मुद्द्यावर, पडदा अजून पहिल्याच वाक्यात. जेवला की आडवा होतो, साहेबांची वामकुक्षी चाललीय, असं पोरं म्हणायची. भाचीही हसायची, पण तास बुडत होते ते तिचेच. दुरुस्तीच्या दुकानात नेला तर तिथे तो चार्जिंगवरही ठणठणीत चालला. मग दोष यंत्रात नाही, या इमारतीत आहे, अशी कुजबुज सुरू झाली आणि प्राचार्यांनी ऊर्जागुरूंना बोलावलं. गुरूंनी यंत्राची कुंडली मांडायची म्हणून त्याचा मॉडेल क्रमांक आधीच मागवून घेतला होता.

गुरू बोलू लागले. आवाज असा भारदस्त की सभागृह माना डोलवू लागलं. भाचीच्या वाट्याला आवाज नव्हता, फक्त पडदा होता.

"विजेला स्मृती असते. ती वायरीतून जगाचं दुःख घेऊन येते (दीर्घ श्वास). यंत्र ते दुःख गिळतं (पाणी पितात) आणि जड होतं."

भाचीला फस्सकन हसू आलं. मावशीने डोळे वटारले.

मग गुरूंनी लॅपटॉप चार्जिंगला लावायला सांगितलं. मावशीची बोटं धावत होती, अक्षरं रांगत होती. सभागृह हळहळलं. गुरूंनी लॅपटॉप आणि चार्जर जांभळ्या रेशमी कापडाने झाकले आणि फर्मावलं की घंटा वाजेपर्यंत सर्वांनी डोळे मिटावेत. मावशीने 'डोळे मिटा' एवढं कसंबसं लिहिलं आणि स्वतःचेही मिटले.

घंटा वाजली. कापड निघालं. मावशी टाइप करू लागली आणि अक्षरं धो धो पडू लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मिक्सरवाला उठून पुढे सरकला. गुरू म्हणाले, ही स्पंदनं त्यांच्या सहवासापुरतीच आहेत. कायमच्या शुद्धीसाठी यंत्र अकरा दिवस केंद्रात ठेवावं लागेल. प्राचार्यांनी मान डोलावली.

भाचीने ते पडद्यावर वाचलं. परीक्षेआधीची उजळणी उद्यापासून होती. ती उठली, टेबलाशी आली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून तिने टाइप केलं:

"अकरा दिवस मी वर्गात बसून काय करू? गुरुजी, तुम्ही चार्जर बदललात तीच दुरुस्ती असेल, तर आमचा जुना तुम्हीच ठेवा आणि हा आम्हाला द्या."

गुरू मंद हसले. "बाळ, तेव्हा तर सर्वांचे डोळे मिटलेले होते." मावशीने सवयीने हात लांबवून तेही टाइप केलं.

भाचीने खाली लिहिलं, "माझे नव्हते. घंटा मला ऐकू येत नाही. मिटले असते तर उघडायचे कधी, ते कसं कळलं असतं?"

पहिला हशा मागच्या रांगेत फुटला. भौतिकशास्त्राच्या बाई चष्मा सावरत व्यासपीठावर आल्या. वायरीच्या टोकाला असलेल्या चार्जरवर छापलं होतं: १३० वॉट. प्राचार्यांनी गुरूंची पिशवी उघडायला लावली. त्यातून मावशीचा चार्जर निघाला: ४५ वॉट. लॅपटॉप उलटा केला तर पोटावर स्पष्ट छापलेलं होतं, १३०. बाईंनी दोन्ही चार्जर आलटून पालटून तीनदा लावले. तिन्ही वेळा छोट्याला मंद, मोठ्याला पळता. त्यांनी समजावलं की चार्जर कमी ताकदीचा आहे हे लॅपटॉप ओळखतो आणि पुरवठ्यावर ताण नको म्हणून आपणच वेग कमी करतो. दुकानदाराने स्वतःचा मोठा चार्जर लावला होता, म्हणून तिथे सगळं ठीक.

मग मावशीने कपाळाला हात लावला. महिन्यापूर्वी काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, घरातलं कपाट आवरलं होतं. "टोक बसतंय ना? मग आपलाच," म्हणत त्यांनी तिच्या हातात हा दिला होता. खरा चार्जर घरात काकांच्या चिमुकल्या लॅपटॉपला जोडलेला होता.

गुरूंना अचानक ध्यानाची वेळ आठवली. पडद्यावर उमटलं: (दार आपटल्याचा आवाज).

"मग माझ्या मिक्सरचं काय?" मिक्सरवाल्याने विचारलं.

"आधी प्लग बघू," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला पडदा शिक्षकांच्या बरोबरीने चालला. लॅपटॉप जेवून सुस्तावत नव्हता, महिनाभर अर्धपोटी राबत होता. ते कळायला मंत्र लागला नाही. दोन आकडे वाचावे लागले, आणि ते पहिल्या दिवसापासून तिथेच छापलेले होते. तेव्हा काही बिघडलं तर आधी उलटं करून वाचा. आणि कुणी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं, तर निदान एकाने तरी ते उघडे ठेवावेत.